280 पट, पण कशाच्या?

2023 मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च’ या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर एक पेपर आला. विषय पीएफएएस, म्हणजे नॉनस्टिक भांडी, आग विझवायचा फेस यांतून आलेली, निसर्गात जवळपास न मोडणारी रसायनं. लेखकांनी नवीन मासे पकडले नाहीत. ईपीएने 2013 ते 2015 या काळात गोळा केलेल्या पाचशेहून जास्त नमुन्यांचा डेटा त्यांनी नव्याने वाचला. (यातही संशोधन असतं बरं का, नाक मुरडू नका.)

पेपर महत्त्वाचा आहे. पण तो गाजला ‘बाजारातल्या माशांपेक्षा सुमारे 280 पट’ या आकड्यामुळे, आणि माझ्या मते तोच त्यातला सगळ्यात कच्चा भाग.

छेदात काय आहे ते बघा. एफडीएने दुकानातून घेतलेले नमुने. त्यातले बरेचसे मासे समुद्रातले किंवा शेतीत वाढवलेले, आणि बहुतेकांत पीएफएएस उपकरणाला सापडलंच नाही. छेद शून्याच्या जवळ गेला की गुणोत्तर वाटेल तेवढं फुगतं. ‘सापडलं नाही’ याला तुम्ही शून्य धरता, मोजमापाच्या मर्यादेचा अर्धा धरता की आणखी काही, यावर ते 280 चं 100 होईल किंवा 500. असा आकडा दिसला की आधी मेथड्समध्ये जा.

आता मजबूत भाग. नद्यांमधल्या माशांत एकूण पीएफएएसचा मध्यक किलोला 9,500 नॅनोग्रॅम, त्यात पीएफओएस सरासरी 74 टक्के. म्हणजे साधारण 7,000. एका वेळी 230 ग्रॅम मासा खाल्ला तर 1,600 नॅनोग्रॅम पोटात. लेखक तुलनेला लिटरमागे 48 नॅनोग्रॅम पीएफओएस असलेलं पाणी घेतात. तेवढं पोटात जायला 33 लिटर प्यावं लागेल, म्हणजे ढोबळमानाने महिनाभराचं पाणी. इथे छेद ठोस आहे, कागद-पेन्सिलीने पडताळता येतो. शिवाय 2024 मध्ये ईपीएने पिण्याच्या पाण्यातली मर्यादा 4 वर आणली. त्या हिशोबाने 400 लिटर!

पीसीबीसारखी जुनी प्रदूषकं चरबीत साठतात, म्हणून कातडी आणि चरबी काढून टाका असा सल्ला देतात. पीएफओएस प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे इथे तो उपाय फारसा चालत नाही. आणि माणसाच्या शरीरातून ते निम्मं व्हायला काही वर्षं लागतात.

आपल्याकडे रोहू-कटल्यावर किंवा उजनीच्या चिलापीवर काम करणाऱ्यांनी प्रस्तावनेत हे 280 चिकटवायचा मोह टाळा. दुसऱ्या देशातले, दहा वर्षांपूर्वीचे, वेगळ्या जातीचे मासे आहेत ते. घ्यायचीच असेल तर पाण्याशी तुलना करायची रीत घ्या.

पेपरमधला मला सगळ्यात पटलेला मुद्दा बातम्यांत मागे पडला. सरासरी अमेरिकन माणूस नदीतला मासा क्वचितच खातो, त्यामुळे राष्ट्रीय सरासरीत हा धोका दिसतच नाही. पण तिथे गळ टाकून रोजचं कालवण भागवणारी माणसं आहेत, स्थलांतरित आहेत, आदिवासी जमाती आहेत. त्यांना ‘मासा खाऊ नका’ सांगायचं, तर त्याऐवजी ताटात काय वाढायचं?