प्रकाशाचा लोभ आणि छायेचा मान

छंदांवर टीका करूं नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. धंदेवाईक चित्रकाराच्या कृतीचें परीक्षण खुशाल करावें. परंतु कचेरीचें काम सांभाळून रविवारच्या पहाटे खांद्यावर कॅमेरा टाकून डोंगर चढणाऱ्या हौशी मनुष्याच्या आनंदाआड टीकाकारानें कां यावें, असें विचारलें जातें. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं. ज्या छंदांत मनुष्य आपली दृष्टि, वेळ व पैसा ओततो तो छंद गंभीरपणें घेणें, हाच त्याचा खरा सन्मान होय. शिवाय ज्या छंदाचीं फळें घरोघरच्या भिंतींवर टांगलीं जातात, त्याचा समाजाच्या अभिरुचीशीं संबंध येतोच. म्हणून 'हाय डायनॅमिक रेंज', संक्षेपानें एच. डी. आर., या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निसर्ग-छायाचित्रणाचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या पद्धतीचें कारण समजून घेतलें पाहिजे. निसर्गांतील उजेड व अंधार यांमधील अंतर अफाट असतें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत उभें राहून पाहावें: दर्शनी भागाच्या विशाल गवाक्षांतून बाहेरचें आकाश डोळे दिपवितें, आणि स्तूपामागच्या प्रदक्षिणामार्गांतील खांब मात्र जेमतेम ओळखूं येतात. आपला डोळा जेथें जातो तेथें स्वतःस जुळवून घेतो, आणि मन त्या अनेक दृष्टिक्षेपांचें एक चित्र बनवितें. कॅमेऱ्यास ही सोय नाहीं. एका वेळीं तो एकच माप घेतो. आजचा उत्तम कॅमेरा सुमारें १४ 'स्टॉप' पकडतो. प्रत्येक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. तेव्हां हें अंतर १६,००० पटींच्या घरांत जातें. परंतु चित्र ज्या कागदावर छापावयाचें, त्यावरील पांढऱ्या व काळ्यामधील अंतर १००-२०० पटींहून फारसें अधिक नसतें. खंडीभर धान्य पायलींत कसें मावावें, हा खरा प्रश्न आहे.

त्यावर हौशी छायाचित्रकाराचा उपाय असा: कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावयाचा, एकाच दृश्याचीं तीन चित्रें घ्यावयाचीं, एक मध्यम, एक दोन स्टॉप कमी प्रकाशाचें आणि एक दोन स्टॉप अधिक प्रकाशाचें, पुढें संगणकावर तीं एकत्र करावयाचीं. पहिल्यांत डोंगर, दुसऱ्यांत ढग, तिसऱ्यांत दरी. अशा रीतीनें सर्व प्रकाश हातीं आला, कीं त्याचें कागदास वा पडद्यास झेपेल असें पुनर्वाटप करावयाचें. या शेवटल्या पायरीस 'टोन मॅपिंग' म्हणतात, आणि सगळें बरेंवाईट याच पायरीवर घडतें.

ही धडपड नवी नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तींत होती. त्या पिढीच्या सर्वच छायाचित्रकारांपुढें एक अडचण असे. तेव्हांचें रसायन निळ्या प्रकाशास फाजील संवेदनशील असल्यामुळें जमीन नीट उमटविली, कीं आकाश कोरें पडे. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली: समुद्र एका निगेटिव्हवरून व आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून छापावयाचें. सेत येथील त्याचें 'द ग्रेट वेव्ह' हें १८५७ चें चित्र याच रीतीचें आहे. पुढें १९४० च्या सुमारास अमेरिकेंत ऍन्सेल ऍडम्स व फ्रेड आर्चर यांनीं 'झोन सिस्टिम' बांधली, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा हिशेब चित्र घेण्यापूर्वींच करण्याची शिस्त लाविली. १९९७ सालीं पॉल डेबेवेक व मथुरेस जन्मलेले जितेंद्र मलिक या दोघांनीं बर्कली येथें निरनिराळ्या प्रकाशमापांच्या चित्रांवरून दृश्यांतील मूळ प्रकाशाचीं मूल्यें काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. २००५ सालीं 'फोटोशॉप'मध्यें ही सोय आली, आणि शास्त्रज्ञाचें साधन हौशी मनुष्याच्या हातीं पडलें.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ल ग्रे यानें एकच ढग एकाहून अधिक चित्रांत वापरल्याचें अभ्यासकांस ठाऊक आहे. म्हणजे त्याचें आकाश उसनें होतें. तरीहि तीं चित्रें खरीं वाटतात. उलट एच. डी. आर. चित्रांतील कण न् कण त्याच जागेचा, त्याच मिनिटाचा. तरीहि पुष्कळदां चित्र खोटें वाटतें. असें कां व्हावें?

हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावरील सूर्यास्ताचें या धर्तीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. सूर्य समोर आहे, तरी पायाखालचें गवत भर दुपारच्यासारखें हिरवेंगार. ढग लोखंडाच्या कढईंतून काढल्यासारखे. कड्याच्या कडेनें एक पांढुरकी प्रभावळ. आणि दरींतील प्रत्येक धोंडा आपली ओळख सांगावयास पुढें सरसावलेला. यांत नाहीं असें कांहीं नाहीं. नाहीं ती फक्त संध्याकाळ. याचें कारण यंत्राच्या रीतींतच आहे. या कामाच्या पुष्कळ प्रचलित रीती प्रत्येक ठिपक्याचें मोल त्याच्या आसपासच्या ठिपक्यांशीं तोलून ठरवितात. त्यामुळें प्रत्येक कोपऱ्यांत उठाव येतो, परंतु दूरच्या अंगांमधील नातें तुटतें. सूर्य गवतापेक्षां किती तेजस्वी, आकाश दरीपेक्षां किती उजळ, हें नातेंच तर वेळेचें भान देतें. ल ग्रे यानें ढग उसने आणले, पण हें नातें राखलें. आपले हौशी बंधु एकहि ढग उसना आणीत नाहींत, आणि नातें मात्र गमावून बसतात. चित्राचें सत्य त्याच्या कणांत नसून कणांच्या परस्परसंबंधांत असतें, हा सिद्धांत याहून स्पष्ट कोठें दिसणार?

सावंतवाडीस जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचें हातांत समई घेतलेल्या तरुणीचें जलरंगांतील चित्र, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहांत आहे. आमच्या पुष्कळ वाचकांनीं तें निदान छापील स्वरूपांत पाहिलें असेल. कागद तोच, त्याचें पांढरेपणहि मर्यादितच. परंतु ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा उजेड खरोखर ऊब देतो असें वाटतें. तो उजेड आला कोठून? भोंवतालच्या अंधारांतून. हळदणकरांनीं अंधारास अंधार राहूं दिलें, म्हणून ज्योत पेटली. तेंच दृश्य बेहिशेबी टोन मॅपिंगच्या स्वाधीन केलें असतें, तर मागची भिंत उजळली असती आणि दिवा विझला असता. आपल्या भाषेनें या कलेस 'छायाचित्र' म्हटलें, त्यांत पहिला मान छायेस दिला आहे, हें विसरण्यासारखें नाहीं.

परंतु एवढ्यावरून ही पद्धतच त्याज्य ठरवणें अन्यायाचें होईल. क्षितिज सरळ असेल तेथें वरचा अर्धा भाग गडद असलेली कांच भिंगापुढें धरून आकाश आवरतां येतें; समुद्रकांठीं तेवढ्यानें भागतें. सह्याद्रीच्या दांतेरी शिखररेषेपुढें ती सरळ कांच हतबल होते, कारण आकाशाबरोबर सुळकेहि काळे पडतात. लेण्यांचा तर प्रश्नच नको. केदारेश्वराच्या गुहेंतील पाणी, पिंडी व उभा राहिलेला एकमेव खांब दाखवूनहि गुहेच्या तोंडाचा उजेड राखावयाचा, तर अनेक मापांचीं चित्रें एकत्र करण्यावांचून गत्यंतर नसतें. वास्तूची नोंद ठेवणाऱ्यास ही पद्धत वरदानच आहे. शिवाय या छंदांत एक तपश्चर्या आहे. तिपाई रोवून उभें राहावें लागतें. वारा पडण्याची वाट पाहावी लागते, नाहीं तर तीन चित्रांतील पानें तीन ठिकाणीं उमटून भुतासारखीं दिसतात. या दृश्यांत सर्वांत उजळ काय, सर्वांत काळें काय, हें शोधतांना मनुष्य पूर्वीं कधीं पाहत नव्हता इतका निसर्ग पाहूं लागतो. हें शिक्षण लहान नव्हे.

आज या प्रश्नास एक निराळें महत्त्व आलें आहे. २०१० सालीं आयफोनमध्यें आणि २०१३ सालीं गूगलच्या फोनमध्यें ही सोय आली, आणि पुढें हीच क्रिया न सांगतां होऊं लागली. बटन दाबतांच यंत्र अनेक चित्रें घेऊन जोडतें आणि सावल्या उजळून हातीं देतें. लग्नाचा मांडव असो कीं आजीची देवापुढील सांजवात, कोणती काळोखी राखावी हें घरच्या माणसानें ठरविण्यापूर्वींच तें ठरून गेलेलें असतें. उद्यांच्या पिढीस आपल्या घरांतील संध्याकाळ कशी असे हें या चित्रांवरूनच समजणार, आणि तीं सांगतील कीं घरांत कधीं अंधार पडतच नव्हता! अशा वेळीं हा निर्णय स्वतः, समजून उमजून, एका वेळीं एका दृश्यापुरता घेणारा मनुष्य म्हणजे हा हौशी छंदिष्टच. म्हणून त्यानें यंत्राच्या तयार सांच्यास शरण जावें, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

पुष्कळसा प्रकाश जसाच्या तसा दाखवूं शकणारे पडदे आतां बाजारांत आले आहेत, त्यामुळें खंडी व पायली यांचा झगडा कांहीं अंशीं मिटेल. परंतु विवेकाची गरज मिटणार नाहीं. उलट उजेड जितका स्वस्त, तितका लोभ मोठा. तेव्हां आमची सूचना साधी आहे. तीनच काय, पांच चित्रें घ्यावीं, सर्व प्रकाश गोळा करावा. मात्र तो खर्चतांना त्या जागीं आपण प्रथम काय पाहिलें, नंतर काय, आणि काय पाहिलेंच नाहीं, याची आठवण ठेवावी. जें पाहिलें नाहीं तें काळेंच राहूं द्यावें. संग्रह उदार हातानें आणि खर्च काटकसरीनें, हा संसाराचा नियम मध्यमवर्गीय कुटुंबांस कोणी शिकवावयास नको. तोच या छंदांत पाळला, तर भिंतीवरच्या चित्रांत संध्याकाळ पुन्हा उतरेल.