फिरत्या घरातील दूरचित्रवाणी : रेमंड विल्यम्स यांच्या एका संकल्पनेची मर्यादा

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ या ग्रंथात ‘मोबाइल प्रायव्हटायझेशन’ ही संकल्पना मांडली. तिला ‘गतिमान गृहबद्धता’ म्हणता येईल. औद्योगिक समाजातील माणूस अधिकाधिक फिरतो आणि त्याच वेळी अधिकाधिक घरात मिटतो. त्या मिटलेल्या घरात प्रक्षेपण जग आणून सोडते, हा तिचा आशय होय.

ब्रिटनमधील प्रवासी लहानशा कॅम्पर व्हॅनमध्ये लॅपटॉपला ट्यूनर जोडून दूरचित्रवाणी पाहतो, तेव्हा घरच चालू लागलेले असते. संकल्पनेची ही परिपूर्ती वाटते. परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. भूतलावरील प्रक्षेपण पकडण्यासाठी त्याला अँटेना जवळच्या मनोऱ्याकडे वळवावी लागते. मुख्य मनोऱ्यांसाठी ती बहुधा आडवी, तर अनेक उपमनोऱ्यांसाठी उभी धरावी लागते. डोंगर आड आला की चित्र फिकट न होता तुटते. कारण संकेत अंकीय असतो. मुलूख बदलला की वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागतात. लंडनहून निघालेल्याच्या पडद्यावर वेल्सचा मनोरा लागताच वेल्सच्या बातम्या आणि १९८२ साली सुरू झालेली वेल्श भाषेतील ‘एस-फोर-सी’ वाहिनी अवतरते.

म्हणजे मिटलेल्या घरालाही भूगोलाची दखल घ्यावीच लागते. विल्यम्स यांच्या संकल्पनेत ग्रहणस्थळाच्या या बंधनाला स्वतंत्र मूल्य नाही. इंटरनेटवरील प्रवाहाला मनोऱ्याची दिशा विचारावी लागत नाही. ती संकल्पना खऱ्या अर्थाने तेथे लागू पडते. अँटेना वळविण्याची गैरसोय नाहीशी होईल, तेव्हा परक्या मुलुखाची अनाहूत ओळखही तिच्याबरोबर जाईल.