ससाबणाला कवी हवा

कोलकात्यातल्या सियालदह स्थानकातून सुटणारी बजबज लोकल दक्षिणेला जाते. डायमंड हार्बरची गाडीही दक्षिणेलाच. राणाघाट मात्र थेट उत्तरेला. बजबजच्या शाळकरी पोराला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच बंगाली लेखक सुकुमार राय यांच्या ‘हजबरल’ या गोष्टीतलं मांजर कोलकाता, डायमंड हार्बर, राणाघाट, तिबेट अशी सव्वा तासाची सरळ वाट सांगतं, तेव्हा त्या पोराला आपल्याच मुलखाचा नकाशा उलटापालटा झालेला दिसतो. शिवाय ते मांजर थोड्या वेळापूर्वी घाम पुसायचा रुमाल होतं.

रुमालाचं मांजर ही एक गंमत; दोन प्राणी जोडून केलेल्या जोडप्राण्यांची खरी खाण म्हणजे सुकुमारांच्याच ‘आबोल ताबोल’ या कवितासंग्रहातली ‘खिचुडी’ ही कविता. हांस आणि सजारू (म्हणजे साळिंदर) मिळून ‘हांसजारू’, हाती आणि तिमी (म्हणजे देवमासा) मिळून ‘हातिमी’. दोन नावांत एक अक्षर सामाईक सापडलं की तिथे टाका घालायचा. पण नुसत्या टाक्याने प्राणी जिवंत होत नाही. हातिमीतल्या देवमाशाला पाण्यात जायचंय, हत्तीला जंगलात. एका अंगात दोन हट्ट! मुलाला हे लगेच कळतं, कारण त्याचंही दिवसातून दहा वेळा तसंच होतं.

सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजात विज्ञान शिकले, 1911मध्ये मुद्रणकला शिकायला इंग्लंडला गेले. घरचा छापखाना होता, 1913मध्ये वडील उपेंद्रकिशोरांनी काढलेलं ‘संदेश’ मासिक होतं. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. त्यामुळे हांसजारूचे काटे नेमके कुठून सुरू होतात, याचा निकाल एकाच हाताने लावला.

मराठीत या वाटेवर सर्वांत पुढे गेले ते विंदा करंदीकर. ‘राणीची बाग’ (1961), ‘एटू लोकांचा देश’ (1963), ‘अजबखाना’ (1974), ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ (1981). एटूंचा देशही तिबेटच्याच शेजारी, हा योगायोग मला फार आवडतो. विंदांनी अख्खा देश वसवला, भुतांचं गोकुळ उभं केलं, आणि मुलांना उपदेशाच्या जाचातून सोडवलं. पण त्यांच्यामागून ही वाट रुंद झाली नाही. आज हाती येणाऱ्या बालकवितांत झाड बोलतं ते झाडं लावा म्हणायला, आणि साबण बोलतो तो हात धुवा म्हणायला. चित्र तर कविता झाल्यावर कोपऱ्यात चिकटवलेलं.

भाषा तोकडी आहे म्हणावं, तर तसंही नाही. मगर आणि गरुड यांचा ‘मगरुड’ होतो, बदक आणि कासव यांचं ‘बदकासव’. वस्तूही जोडता येतात. ‘ससाबण’ घ्या: साबणाचा जन्म पाण्यासाठी, ससा पाणी पाहून पळणार. ‘मासायकल’ पाण्यात गंजणार, रस्त्यावर गुदमरणार. इथे गोष्ट आपोआप सुरू होते. ‘तात्पर्य’ जोडलं की मरते.

‘आबोल ताबोल’ 19 सप्टेंबर 1923 रोजी प्रसिद्ध झालं. काळा आजाराने सुकुमार त्याच्या नऊच दिवस आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेले होते. अंथरुणावर असतानाही त्यांनी या पुस्तकाचं काम सोडलं नव्हतं. म्हणूनच आपल्या बालमासिकांच्या संपादकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढच्या दिवाळी अंकासाठी कवी आणि चित्रकार यांना पहिल्या ओळीपासून एकत्र बसवा, आणि शेवटची बोधाची ओळ आली तर ती परत पाठवा.