माणसाच्या तोंडांतील पशु

मनुष्याच्या चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखतां येतो, ही समजूत फार जुनी आहे. आमच्याकडे तिला सामुद्रिक म्हणतात. युरोपांत ती ग्रीक काळापासून चालत आलेली आहे. तिचीच एक शाखा अशी कीं, माणसाचें तोंड ज्या पशूसारखें दिसेल, त्या पशूचा स्वभाव त्या माणसांत असलाच पाहिजे. हें मत ओटीवरच्या गप्पांत राहिलें असतें, तर त्याची समीक्षा करण्याचें कारण नव्हतें. परंतु सतराव्या शतकांत, ज्या कलेस आज बरोक हें नांव आहे तिच्या ऐन भरांत, एका थोर चित्रकारानें त्यास आपल्या कलमाचें पाठबळ दिलें. म्हणून त्याचा विचार कलेच्या बाजूनेंही होणें अवश्य आहे.

हा चित्रकार म्हणजे शार्ल ल ब्रँ (१६१९-१६९०), फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा मुख्य चित्रकार. त्याच्यापूर्वीं, १५८६ सालीं, नेपल्सकडील देला पोर्ता यानें माणसांचीं व पशूंचीं मस्तकें शेजारीं शेजारीं दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांतील लाकडी ठशांचीं चित्रें ओबडधोबडच आहेत. ल ब्रँ यानें १६७१ सालीं पॅरिसच्या चित्रकला-अकादमीपुढें याच विषयावर व्याख्यान दिलें. त्याच्या या विषयावरील रेखाचित्रें लूव्र संग्रहालयांत आहेत, आणि १८०६ सालीं तीं कोरून छापण्यांत आलीं. घुबड, उंट, बैल, सिंह अशा एकेका प्राण्याचें मस्तक, आणि त्याच्या जोडीस त्याच वळणाचीं माणसांचीं मस्तकें, असा हा प्रकार आहे. डोळ्यांच्या कोनांतून रेषा ओढून पशुत्व आणि मनुष्यत्व मोजण्याचीही त्याची खटपट होती.

रेखाटन म्हणून हीं चित्रें पहिल्या प्रतीचीं आहेत, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. केसांचा पोत, हाडांची ठेवण, कातडीच्या सुरकुत्या यांवर इतकी हुकमत क्वचितच आढळते. पण ज्या सिद्धान्तासाठीं तीं काढलीं, त्यास तींच खोटें पाडतात. घुबडासारखा माणूस पाहावा. त्याचे डोळे वाटोळे केले आहेत, नाक चोंचीच्या वळणावर नेलें आहे. उलट शेजारच्या पशूच्या डोळ्यांत माणसाची चिंता आणि माणसाचा विचार उतरला आहे. दोघांनाही एकमेकांकडे थोडें थोडें ओढल्यावर ते सारखे दिसले, तर त्यांत नवल कसलें? जें साम्य निसर्गानें ठेवलें नव्हतें, तें कलमानें घडविलें, आणि मग तेंच पुरावा म्हणून पुढें केलें. याच चित्रकारानें १६६८ सालीं मनोविकारांच्या आविर्भावांवर व्याख्यान दिलें होतें. राग, भीति, विस्मय यांनीं भुवई कशी हालते, हें त्यांत त्यानें बारकाईनें सांगितलें. तें निरीक्षण चित्रकारांस पुढें उपयोगी पडलें. फरक उघड आहे. राग येतो आणि जातो. नाक मात्र जन्मभर तसेंच राहतें. येणाऱ्या-जाणाऱ्या भावाचें चित्र काढणें ही कला. न बदलणाऱ्या नाकावरून निवाडा देणें हा उतावळा न्याय.

हा दोष पाश्चात्त्यांचा म्हणून आपण समाधान मानावें, हें आम्हांस पसंत नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पुरुषलक्षणांचा अध्याय आहे. त्यांत हत्तीसारख्या डोळ्यांचा पुरुष सेनापति, आणि मांजरासारख्या डोळ्यांचा पापी ठरविला आहे. आमच्या मध्यमवर्गीय घरांत घारे डोळे हें लग्न ठरवितांना भांडवल समजलें जातें. पण शास्त्राला प्रमाण मानणाऱ्यांस त्या वेळीं हें वचन आठवत नाहीं. म्हणजे लक्षणांचा अर्थ आपण आपल्या सोयीनें लावतों.

या दोन्ही परंपरांस उत्तर पाहण्यास फार लांब जावें लागत नाहीं. पुणें-नगर रस्त्यावर, शिरूर तालुक्यांत, रांजणगांवचा महागणपति आहे. तेथील गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनीं बांधविला. दौंडाकडून भीमा ओलांडली कीं सिद्धटेक लागतें. तेथील देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं उभें केलें. माणसाचें धड आणि पशूचें तोंड यांची जोड येथेंही आहे. पण येथें त्या तोंडावरून कोणी निवाडा देत नाहीं. रांजणगांवीं विशाल कपाळाची, मांडी घातलेली मूर्ति ऋद्धि-सिद्धींसह बसलेली आहे. सिद्धटेकास उजव्या सोंडेची मूर्ति शेंदुराच्या लेपाखालीं आहे. आणि मुलें रोज संध्याकाळीं जीं नांवें म्हणतात, तीं तर ऐकण्यासारखीं आहेत: वक्रतुंड, एकदंत, लंबोदर, विकट. वांकडें तोंड, मोडका दांत, सुटलेलें पोट, बेढब रूप! तोंडावरून स्वभाव ठरविणारा ज्यांस दोष म्हणेल, तींच येथें हात जोडून घ्यावयाचीं नांवें झालीं. ल ब्रँच्या कागदावर पशु आला कीं माणसाची किंमत उतरते. रांजणगांवीं ती वाढते.

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर आम्ही येथेंच थांबलों असतों. परंतु कृत्य पाहण्याआधीं शरीर पाहून निकाल देण्याची संवय चित्रांत राहत नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून कित्येक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. त्यांत नाकाडोळ्यांची मोजदाद नव्हती, पण तर्क तोच होता: अमुक दिसतो, अमुक कुळांत जन्मला, म्हणून अमुक करणारच. १९५२ सालीं तो कायदा गेला. तर्क गेला असें आम्हांस म्हणवत नाहीं. चोरी झाली कीं गांवाची नजर आधीं पारध्याच्या पालाकडे वळते, आणि ती वळविणारे लोक त्याच दिवशीं वक्रतुंडाची आरतीही करतात.

ल ब्रँचीं चित्रें अवश्य पाहावींत. त्यांच्या रेषेपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. पण पाहतांना एक ध्यानांत ठेवावें कीं, त्या कागदावर जो पशु दिसतो तो समोरच्या माणसांत नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टींत होता, आणि तेथूनच कागदावर उतरला.