बिटकॉइनमधील नियमबदल : सहमतीच्या संकल्पनेची चिकित्सा

बिटकॉइन या आभासी चलनाला मध्यवर्ती बँक नाही, गव्हर्नर नाही आणि मतदारयादीही नाही. मग त्याचे नियम बदलतात कसे? 'सर्वसहमतीने', हे समर्थकांचे ठरलेले उत्तर. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे. कारण या शब्दाआड दडलेले सत्तेचे वाटप २०१५ ते २०१७ या काळातील ब्लॉकच्या आकारमानाच्या वादात उघडे पडले.

ब्लॉक एक मेगाबाइटपेक्षा मोठा नसावा, ही मर्यादा सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने २०१० मध्ये जाहीर चर्चेशिवाय घातली होती. एका व्यक्तीने लिहिलेली ही ओळ बदलावी की नाही, यावर पुढे समुदायाची काही वर्षे खर्ची पडली. वाढते व्यवहार सामावण्यासाठी मर्यादा वाढवावी, असे अनेक मायनर व कंपन्यांचे म्हणणे होते. तर मोठे ब्लॉक घरच्या संगणकावर पडताळणे सामान्यांस परवडणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

मधला मार्ग म्हणून 'सेगविट' सुधारणा पुढे आली. तिच्या अंमलासाठी २०१६ ब्लॉकांच्या एका कालखंडात ९५ टक्के ब्लॉकांनी अनुकूल संकेत देणे आवश्यक होते. वस्तुतः हा संकेत म्हणजे सज्जतेची सूचना, मत नव्हे. मायनरांनी मात्र तो मतासारखा वापरला आणि प्रस्ताव अडला. तेव्हा १ ऑगस्ट २०१७ पासून असा संकेत नसलेले ब्लॉक आपले नोड नाकारतील, असे काही वापरकर्त्यांनी घोषित केले. दुसरीकडे, मे महिन्यात कंपन्या व मायनरांनी न्यूयॉर्क येथे 'आधी सेगविट, मग दुप्पट आकार' असा करार केला. ऑगस्टमध्ये बिटकॉइन कॅश विभक्त झाले व सेगविट लागू झाले. दुप्पट आकाराची योजना ८ नोव्हेंबर रोजी पुरेशी सहमती नसल्याचे सांगून पुरस्कर्त्यांनीच मागे घेतली.

हा सामान्य वापरकर्त्यांचा विजय मानला जातो. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष घाईचा वाटतो. नोड चालविणाऱ्यास नकाराचा अधिकार आहे, हे खरे. परंतु ज्याच्याशी कोणाची देवघेवच नाही, त्याच्या नकाराची तमा कोण बाळगणार? मोठ्या एक्स्चेंजचा नकार आणि हौशी नोडधारकाचा नकार एका मापाचे नाहीत. आपली नाणी एक्स्चेंजकडेच ठेवणाऱ्याच्या हाती तर तोही उरत नाही.

२०२१ मधील 'टॅपरूट' सुधारणेच्या आशयावर फारसे दुमत नव्हते. वाद रंगला तो अंमलाच्या पद्धतीवर : मुदत संपेपर्यंत मायनरांनी संकेत दिला नाही, तरी नियम लागू व्हावा काय?