रिकाम्या चौकटीचा अर्थ

गुणपत्रकातली एखादी चौकट रिकामी दिसली तर तिचा अर्थ काय घ्यायचा? विद्यार्थी गैरहजर होता, की गुण भरायचेच राहून गेले? शून्य तर नव्हे? आपले पत्रक आपणच वाचत असलो तर काही अडत नाही. ते दुसऱ्या शाळेत पाठवायचे झाले की मात्र हा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागतो. वेगवेगळ्या घडणीच्या संगणकांनी परस्परांशी बोलावे म्हणून झालेला एक गाजलेला करार आम्ही याच दृष्टीने पुन्हा वाचून पाहिला. त्याचे नाव 'सोप', त्याची १.१ ही आवृत्ती ८ मे २००० रोजी प्रसिद्ध झाली.

मूळ कल्पना चांगली होती, हे आधी सांगितले पाहिजे. एक संगणक सेवा पुरवतो आणि दुसऱ्यावरची आज्ञावली ती मागते. मागणाऱ्या आज्ञावलीला आपण ग्राहक म्हणू. सेवा जावा भाषेत लिहिलेली आणि ग्राहक मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर, अशी स्थिती असली की एकाच्या स्मृतीत साठवलेली माहिती दुसऱ्याला जशीच्या तशी वाचता येत नाही. म्हणून निरोप एक्सएमएल या खुणा घातलेल्या मजकुरात लिहायचा आणि वेबच्या नेहमीच्या मार्गाने पाठवायचा. सेवेला काय विचारता येते आणि ती काय उत्तर देते, याचे वर्णन 'डब्ल्यूएसडीएल' नावाच्या वेगळ्या पत्रकात असते. ते पत्रक वाचून ग्राहकाच्या बाजूचा जोडणीचा भाग एक साधन आपोआप तयार करून देते.

सोपच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षर 'सिंपल' या शब्दाचे होते. २००३ च्या १.२ आवृत्तीत नावाची ही फोड वगळण्यात आली. आम्हाला तरी ती प्रांजळ कबुली वाटते! कारण २००० साली एक्सएमएलमधील माहितीचे प्रकार ठरवणारे मानक पूर्ण झालेले नव्हते. ते २००१ मध्ये आले. दरम्यान सोपने आकडे, याद्या वगैरे लिहिण्याची स्वतःची पद्धत देऊन टाकली होती. मग एकच निरोप दोन रीतींनी लिहिता येऊ लागला. डॉटनेटची साधने सहसा नवी रीत धरत, तर जावासाठीचे 'अ‍ॅक्सिस' सुरुवातीला जुनी. दोघेही कराराला धरून वागत आणि तरीही त्यांचे जमत नसे. अखेर २००४ मध्ये उद्योगांच्या एका संघटनेने 'बेसिक प्रोफाइल' नावाची नियमावली काढून जुनी रीत बाद केली. त्या नियमावलीत बराचसा भाग काय करू नये हे सांगणारा आहे. आमच्या मते या साऱ्या कुटुंबातले सर्वांत उपयोगी लेखन तेच.

पण खरी उणीव याहून खोल आहे. करार कागदापुरता आहे. कागदावरची चौकट वाचणाऱ्याच्या भाषेत कोणत्या रूपात उतरेल, हे ज्याच्या त्याच्या साधनावर सोपवलेले आहे. एक्सएमएलमध्ये चौकट मुळीच नसणे, ती असूनही 'मूल्य नाही' अशी खूण असणे आणि तिच्यात शून्य असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉटनेटमधल्या साध्या पूर्णांकाला मात्र 'मूल्य नाही' ही अवस्थाच नाही. म्हणून ते साधन ऐच्छिक आकड्याच्या जोडीला 'दिला आहे की नाही' असे दुसरे, होय-नाहीचे खाते तयार करी. लिहिणाऱ्याने गुण ७२ भरले आणि जोडीच्या खात्यात 'होय' म्हणायला विसरला, तर ती चौकट निरोपातून गळून जाई. चूक झाल्याची सूचना कुठेच नाही. सेवेला नियमानुसार निर्दोष पण गुण नसलेले पत्रक मिळे.

तारखेचे उदाहरण तर शाळेच्या दाखल्याशीच येऊन भिडते. एखाद्या मुलीची जन्मतारीख १५ जून २०१० आहे. साठवणारी आज्ञावली तिला मध्यरात्रीची वेळ जोडते आणि भारतीय प्रमाणवेळेची +५:३० ही खूण लावून पाठवते. वाचणारा संगणक जागतिक वेळेवर चालत असेल, तर तोच क्षण त्याच्या लेखी १४ जूनची सायंकाळ, १८:३० हा असतो. त्याने वेळ टाकून फक्त तारीख ठेवली की मुलगी एका दिवसाने मोठी! आणि हिशेब कुठेही चुकलेला नाही. एक्सएमएलमध्ये वेळेविना निव्वळ तारखेचा प्रकार आहे. पण नेहमीच्या वापरासाठी तसा स्वतंत्र प्रकार जावात २०१४ मध्ये आणि डॉटनेटमध्ये २०२१ मध्ये आला.

सोपच्या जडपणाला कंटाळून पुष्कळांनी 'जेसन' या सुटसुटीत लेखनपद्धतीकडे मोर्चा वळवला. ती वाचायला सोपी आहे यात वाद नाही. मात्र तिच्यात तारखेचा प्रकारच नाही आणि आकडा किती मोठा असू शकतो याचेही बंधन नाही. जावाचा मोठा पूर्णांक ६४ बिटांचा असतो. जावास्क्रिप्टमधला नेहमीचा आकडा मात्र ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने सांभाळतो. सेवेने ९,००७,१९९,२५४,७४०,९९३ पाठवला, तर ग्राहकाला शेवटी ९९२ दिसते. २०१० मध्ये ट्विटरवरील संदेशांचे क्रमांक या मर्यादेपलीकडे जाणार हे दिसू लागले, तेव्हा त्या सेवेने प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा आकडा म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून.