देवालयाचें विक्रीखत

मनुष्य घर बांधतो तेव्हां तें पुढेंमागें कोणाला तरी विकलें जाईल, ही गोष्ट त्याच्या मनांत कोठें तरी असतेच. परंतु देवालय बांधणाराच्या मनाला ही कल्पना कधीं शिवत नाहीं. म्हणूनच देवालयाच्या विक्रीचा प्रश्न उभा राहिला म्हणजे कायदा, व्यवहार आणि धर्म या तिघांचाही एकदम गोंधळ उडतो. युरोपांत गेल्या अर्धशतकांत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. उपासकांची संख्या घटली, छपराच्या दुरुस्तीचा खर्च मात्र घटला नाहीं. आणि पुष्कळ ख्रिस्तमंदिरें बंद करण्याची पाळी तेथील धर्मसंस्थांवर आली. हॉलंडांतील मास्ट्रिख्ट शहरीं डोमिनिकन यतींच्या तेराव्या शतकांतील मंदिरांत आज पुस्तकांचें दुकान थाटलेलें आहे. इतरत्र अशाच इमारतींचीं निवासस्थानें झालीं, नाट्यगृहें झालीं, उपाहारगृहेंही झालीं. अशा वेळीं लोक थोडेसे हळहळतात आणि स्वस्थ बसतात. परंतु गिऱ्हाईक म्हणून दुसऱ्या धर्माचा उपासक दाराशीं आला, कीं हळहळीचें रूपांतर संतापांत होतें. असें कां व्हावें, आणि त्यासाठीं जीं कारणें पुढें केलीं जातात तीं विवेकाच्या कसोटीस कितपत उतरतात, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विषयावरील सर्वांत निःसंदिग्ध निर्णय जर्मनींतील रोमन कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेंत सांपडतो. रिकामें झालेलें मंदिर दुसऱ्या ख्रिस्ती पंथास द्यावें, सांस्कृतिक अथवा सामाजिक कार्यास द्यावें, दुसरा उपायच न उरल्यास पाडूनही टाकावें. परंतु ख्रिस्तेतर धर्माच्या उपासनेसाठीं तें देतां येणार नाहीं, असा तिचा आशय आहे. या निषेधास दोन कारणें दिलेलीं आहेत: अशा कृत्याचा प्रतीक म्हणून होणारा परिणाम, आणि श्रद्धाळू कॅथॉलिकांच्या धर्मभावना. रोमन चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत १२२२ वें कलम असें आहे, कीं उपासनेस निरुपयोगी झालेलें मंदिर बिशपानें लौकिक, परंतु हीन नसलेल्या, उपयोगास लावावें. दोन्ही वचनें एकत्र वाचलीं म्हणजे जो निष्कर्ष निघतो तो विचार करण्याजोगा आहे: जेथें एके काळीं प्रार्थना होत असे तेथें व्यापार चालेल, गायन-वादन चालेल, दुसऱ्याची प्रार्थना तेवढी चालणार नाहीं.

हा निष्कर्ष ऐकून उपहासानें हंसणें सोपें आहे. परंतु टीकाकारानें प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं त्याच्या उत्तम स्वरूपांत मांडलें पाहिजे. बिशपांच्या बाजूनें असें म्हणतां येईल: पुस्तकांचें दुकान ख्रिस्ताविषयीं कांहींच बोलत नाहीं, तें तटस्थ असतें. मशिदींतील उपासना मात्र ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं बोलते, आणि तें नाकारते. ज्या वेदीपुढें एका सिद्धांताचा शतकभर उच्चार झाला, तेथेंच त्याचा नकार रोज पांच वेळां उच्चारला जावा, यासाठीं आपल्या हातानें किल्ली देणें म्हणजे आपल्याच साक्षीचें खंडन करणें होय. शिवाय या बाबतींत इतिहासाची आठवण कोणासही पुसून टाकतां येत नाहीं. १२३६ सालीं कॉर्डोव्हाच्या महान् मशिदीचें ख्रिस्तमंदिर झालें, १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या सेंट सोफियाची मशीद झाली. देवालयाचा धर्म बदलणें ही जेत्याच्या विजयाची मुद्राच मानली गेली. ही मुद्रा पाहून ज्यांचीं मनें कांपतात त्यांस केवळ संकुचित म्हणून निकालांत काढणें न्यायाचें होणार नाहीं.

आम्हां मराठी वाचकांस तर ही भीति समजावून सांगण्याची गरजच नाहीं. सोळाव्या शतकांत गोमंतकांत पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, तेव्हां कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० च्या सुमारास झुआरी नदीपलीकडे प्रियोळास, आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली गेली. नदीपलीकडे नेलेला देव हा आमच्या स्मृतींतला विषय आहे. देवळाची जागा हातची गेल्याचें दुःख काय असतें हें ज्या समाजास ठाऊक आहे, त्यानें दुसऱ्याच्या त्याच दुःखाची थट्टा करूं नये.

तथापि याच उदाहरणांत बिशपांच्या युक्तिवादाचें पहिलें वैगुण्य दिसून येतें. कुशस्थळीचें देऊळ कोणीं विकलें नव्हतें. सेंट सोफियाचें विक्रीखत कोणीं लिहून दिलें नव्हतें. बळानें घेणारा मूळ मालकाची संमति मागत नाहीं, आणि त्याच्या त्या न मागण्यांतच अपमान असतो. विकत घेणारा प्रथम दार ठोठावतो, मालकाचा मालकी हक्क कबूल करतो, किंमत मोजतो, आणि 'नाहीं' हें उत्तर मिळाल्यास परत फिरण्याची त्याची तयारी असते. दोन्ही ठिकाणीं शेवटीं घुमटाखालीं उभा राहणारा मनुष्य एकाच धर्माचा असला, तरी दोन कृत्यांचा अर्थ एक होत नाहीं. प्रतीकाचा अर्थ दगडांत नसतो, तें कृत्य कसें घडलें यांत असतो. हा भेद न पाहतां सरसकट 'प्रतीकात्मक परिणामा'चा धाक घालणें म्हणजे दरोडा आणि खरेदी यांस एकच नांव देणें होय.

लंडनच्या पूर्व भागांतील ब्रिक लेन या रस्त्यावरील एका इमारतीचा वृत्तांत या दृष्टीनें मननीय आहे. फ्रान्समधून धर्मच्छळामुळें पळून आलेल्या ह्यूगनॉट विणकरांच्या वस्तीनें १७४३ सालीं ती आपल्या उपासनेसाठीं बांधली. १८०९ सालीं ती यहुद्यांस ख्रिस्ती करूं पाहणाऱ्या एका मंडळीच्या ताब्यांत गेली. त्या कार्यास तेथें फारसें यश आलें नाहीं, आणि १८१९ पासून मेथॉडिस्ट पंथाचे लोक तेथें प्रार्थना करूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपांतून आलेल्या यहुद्यांनीं तेथें आपलें सिनेगॉग स्थापिलें. ज्या भिंतींत यहुद्यांस धर्मांतराचा उपदेश झाला त्याच भिंतींत त्यांचे धर्मग्रंथ वाचले जाऊं लागले! पुढें यहुदी कुटुंबें उत्तरेकडील उपनगरांत गेलीं, आणि १९७६ सालीं बंगालमधील मुसलमानांनीं त्याच वास्तूंत मशीद उघडली. इतके धर्म आणि पंथ येऊन गेले, परंतु त्यांपैकीं एकानेंही दुसऱ्यास तेथून हुसकून लावलें नाहीं. प्रत्येक समाज आपल्या गतीनें आला, रुजला, आणि आपल्याच पायांनीं दुसरीकडे गेला. या इमारतीकडे पाहून कोणाचा पराभव झाला असें म्हणावें? दक्षिणेच्या भिंतीवर १७४३ हा आंकडा कोरलेली छायाघटिका अद्याप तशीच आहे; तेथें नमाजास जाणारांनीं ती खरडून काढलेली नाहीं.

बिशपांच्या नियमाचें दुसरें वैगुण्य याहून गंभीर आहे; कारण तें नियमाच्या हेतूंतलें नसून त्याच्या फळांतलें आहे. हँबर्ग शहराच्या हॉर्न या भागांत १९६१ सालीं बांधलेलें कापर्नाउम नांवाचें ल्यूथरपंथी मंदिर होतें. ल्यूथरपंथीयांच्या मतें विटाचुन्यास स्वतःचें असें पावित्र्य नसतें. तरीही ख्रिस्तेतर धर्मास मंदिर विकूं नये असेंच त्यांच्याही धर्मसंस्थेचें सामान्य धोरण राहिलें आहे. २००२ सालीं हें मंदिर उपासनेंतून मुक्त करण्यांत आलें आणि २००५ सालीं एका व्यापाऱ्यास विकण्यांत आलें. त्याच्या हातून कांहीं उभें राहिलें नाहीं. इमारत ओस पडून खराब होत गेली. २०१२ सालीं त्याच्याकडून ती अल्-नूर या मुसलमान संस्थेनें विकत घेतली. ही मंडळी कित्येक वर्षें मोटारगाड्यांच्या एका जुन्या तळघरांत नमाज पढत होती. वृत्त फुटतांच मोठा गदारोळ झाला. अखेर २०१८ सालीं तेथें मशीद उघडली. विकतांना धर्मसंस्थेनें आपला नियम पाळला होता. परंतु नियमानें काय साधलें? मशीद व्हावयाची ती झालीच. टळलें तें एवढेंच, कीं जुने उपासक आणि नवे उपासक यांनीं एकमेकांसमोर बसून बोलण्याचा प्रसंग. ज्या गोष्टी धर्मसंस्थेला खरेदीदाराशीं बोलून ठरवितां आल्या असत्या, जसें कीं स्मृतिशिलांचें काय व्हावें, घंटेचें काय व्हावें, जुन्या मंडळींस वर्षांतून एकदां आंत येतां यावें कीं काय, त्या सर्व मधल्या व्यापाऱ्याच्या खतावर विसंबून राहिल्या. ज्या नियमामुळें हात स्वच्छ राहतात पण कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यांत पडतें, तो नीतीचा नियम नव्हे. ती केवळ सोंवळेपणाची व्यवस्था होय.

येथें कोणी म्हणेल, श्रद्धाळूंच्या भावनांचें काय? भावना खऱ्या आहेत. परंतु त्या कशामुळें दुखावतात हें नीट तपासलें पाहिजे. बीलेफेल्ड शहरांतील पाउल गेऱ्हार्ट मंदिर तेथील ल्यूथरपंथीयांनीं यहुदी समाजास दिलें आणि २००८ सालीं त्याचें सिनेगॉग झालें. नाझी राजवटींत जर्मनींतील सिनेगॉगें जाळलीं गेलीं होतीं. तेव्हां या दानांत प्रायश्चित्ताचाही अंश होता असें म्हणतां येईल. तरीसुद्धां आपलें मंदिर बंद होऊं नये म्हणून मंडळींतील कांहीं लोकांनीं त्यापूर्वीं महिनोंमहिने तें अडवून धरलें होतें. खरेदीदारावर त्यांचा राग नव्हता. ज्या ठिकाणीं आपला बाप्तिस्मा झाला, आईबापांचीं प्रेतें ठेवलीं गेलीं, तें ठिकाण वरच्या समितीनें आंकडे मांडून बंद करावें, हें शल्य होतें. आमच्या मतें देवालयाच्या विक्रींतील बहुतेक दुःख हें असें असतें. तें खरेदीदार येण्यापूर्वींच उत्पन्न झालेलें असतें. खरेदीदार परका निघाला म्हणजे त्या दुःखास एक सोयीचा शत्रु मिळतो, एवढेंच.

यावरून विकणाराचें पहिलें कर्तव्य कोणतें तें स्पष्ट होतें. देवालयाचे कारभारी हे त्याचे मालक नव्हत. ज्यांनीं वर्गणी दिली, ज्यांनीं तेथें झाडलोट केली, त्यांचे ते विश्वस्त आहेत. आमच्याकडील कायद्यानेंही हें तत्त्व ओळखलें आहे. मुंबई प्रांताच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याचें, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालतो, ३६ वें कलम सांगतें, कीं धर्मादाय आयुक्ताच्या पूर्वसंमतीवांचून विश्वस्तांस स्थावर मिळकत विकतां येत नाहीं. परंतु आयुक्ताची संमति ही मंडळींच्या संमतीची जागा घेऊं शकत नाहीं. विक्री उघडपणें व्हावी, मंडळींस आधीं सांगून व्हावी, आणि आलेलें द्रव्य कोठें जाणार हेंही त्यांस कळावें. यांपैकीं कांहींच न करतां केवळ खरेदीदाराचा धर्म पाहून नाक मुरडणें म्हणजे आपली चूक दुसऱ्याच्या जातीवर ढकलणें होय.

खरेदीदाराचेंही कर्तव्य आहे. अमेरिकेंतील सिरॅक्यूज शहरीं होली ट्रिनिटी हें कॅथॉलिक मंदिर मुसलमानांनीं घेतलें. इमारत संरक्षित असल्यामुळें नगराच्या मंडळाची परवानगी काढून २०१४ सालीं शिखरांवरील क्रूस उतरविण्यांत आले. तें दृश्य जुन्या मंडळींस सुखाचें झालें नसेल. परंतु नव्या मालकांनीं मशिदीस नांव दिलें तें 'मरियमपुत्र येशूची मशीद'. क्रूस ठेवणें त्यांच्या धर्मास शक्य नव्हतें. जें शक्य होतें तें त्यांनीं केलें. विकत घेतलेल्या वास्तूंत आपल्या आधींच्यांची आठवण ठेवणें हें कोणत्याही खतांत लिहिलेलें नसतें. म्हणूनच तें केल्यास त्याचें मोल अधिक.

आतां हा प्रश्न आम्ही आपल्याकडे वळवितों. १९७० च्या जूनमध्यें लंडनच्या इझ्लिंग्टन भागांत योगीजी महाराजांच्या हस्तें स्वामिनारायण संप्रदायाचें मंदिर उघडलें, तें एका पडीक ख्रिस्तमंदिरांतच. परदेशीं गेलेल्या आपल्या लोकांस डोकें टेकावयास जागा मिळाली, या वार्तेनें ज्या हिंदू वाचकास समाधान वाटतें, त्यानें आपल्या मनास एक प्रश्न विचारावा: माझ्या गांवचें ओस पडलेलें देऊळ, मूर्तींचें यथाविधि विसर्जन झाल्यानंतर, दुसऱ्या धर्माच्या गरजू मंडळीनें वाजवी दाम देऊन मागितलें, तर मी काय उत्तर देईन? 'नाहीं' असें उत्तर आलें तर तें लपवूं नये. पण मग जर्मन बिशपांस अनुदार म्हणण्याचा अधिकारही आपण सोडून द्यावा. आणि 'दुसरे देतील तर आम्ही देऊं' असें उत्तर आलें, तर तें बाजारांतलें उत्तर आहे, नीतीचें नव्हे.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. देवालय विकणें हें शेवटचें साधन असावें. परंतु विकण्याची वेळ आलीच, मंडळींची संमति मिळाली आणि खरेदीदार प्रामाणिक असला, तर त्याचा धर्म निराळा आहे एवढ्यावरून त्यास नकार देणें समर्थनीय नाहीं. ज्या चर्चनें १९६५ च्या आपल्या महासभेंत मुसलमान एकाच ईश्वराची भक्ति करतात हें आदरानें मान्य केलें, त्याच चर्चनें त्यांच्या भक्तीपेक्षां उपाहारगृह कमी धोक्याचें मानावें, ही विसंगति फार काळ टिकण्याजोगी नाहीं. विक्रेत्याची सही खरेदीदाराच्या सिद्धांतावर नसते, त्याच्या गरजेवर असते. आणि ज्यानें तळघरांत, मोटारींच्या वासांत, वर्षानुवर्षें गुडघे टेकले आहेत, त्याची गरज ओळखण्यास त्याचा सिद्धांत मान्य करावा लागत नाहीं.